किनाऱ्याच्या बसवाल्यांनो, वाटेत उतरू द्या

किनारपट्टीने लांब पल्ल्याच्या बस चालवणाऱ्या कंपन्यांचे आणि महामंडळांचे संचालक, तसंच त्यांना परवाने देणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या हंगामापर्यंत तुमच्यापैकी एका कंपनीकडे किनाऱ्याच्या अख्ख्या मार्गाचं खुलं तिकीट मिळत असे. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे पैसे एकदाच भरायचे, मधल्या कुठल्याही थांब्यावर उतरायचं, वाटेल तितकं राहायचं आणि मागून येणाऱ्या गाडीने पुढे निघायचं. यंदा चौकशीला गेले तर खिडकीच्या काचेवर कागद डकवलेला: खुली तिकिटं बंद. यापुढे प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं, तारीख, वेळ, आसन आणि नाव आगाऊ नोंदवून. बदल केल्यास त्या दिवशीच्या दराने नवं भाडं. कारण दिलेलं नाही, खाली कोणाची सही नाही. त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. एकीला धारेवर धरून बाकीच्यांना सोडायचं नाहीये. शब्द थोडे इकडेतिकडे करून हाच कागद तुमच्यापैकी बहुतेकांनी लावला आहे.

मी एकटीने फिरते, बसने फिरते आणि जमेल तिथे समुद्राच्या कडेने फिरते. गाडी स्वतः चालवली तर डोळे रस्त्यावरच खिळलेले राहतात. रेल्वेचे रूळ बहुतेक ठिकाणी डोंगर आणि खाड्या टाळून आतून जातात. बस मात्र बंदराच्या तोंडाशी जाते, बाजारातून वाट काढते, घाट चढून पलीकडच्या गावात उतरते. आणि किनारा म्हणजे एक रेघ. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जमीन. नकाशा न उघडताही चुकायला होत नाही. मागे काही राहून गेलं तर उलट दिशेच्या गाडीने परत जाता येतं. नवख्या प्रदेशात एकट्या माणसाला याहून सोपी वाट मिळणं कठीण. खिडकीतून एखादी खाडी दिसते, फेरीबोटीवरून माणसं उतरताना दिसतात, आणि इथेच उतरावं असं वाटतं. कोणाला विचारायचं नसतं, कोणाची समजूत काढायची नसते. एकट्याने निघण्यात जे काही सुख आहे ते मुख्यतः एवढंच. तुमच्या नव्या नियमाने नेमकं तेच गेलं. उरलं ते एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर पोचणं. त्यासाठी किनाऱ्याने कशाला जायचं? आतला द्रुतगती मार्ग जवळचा पडतो.

मी काही जगावेगळं मागत नाहीये, हे आधी सांगते. ग्रेहाउंड या बस कंपनीने गेल्या शतकात अमेरिकेत ९९ डॉलरमध्ये ९९ दिवस हिंडायचा पास विकला होता. व्हिएतनाममध्ये हनोईपासून हो चि मिन्ह शहरापर्यंतच्या सुमारे १,७०० किलोमीटरच्या रस्त्यावर हुए, होई आन, न्हा त्रांग अशा ठिकाणी उतरत जायची खुली तिकिटं प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहेत. न्यूझीलंडच्या इंटरसिटी या बस कंपनीने तर तास विकायला काढले: दहा तासांपासून ऐंशी तासांपर्यंतचा पास घ्यायचा, बसमध्ये जितका वेळ बसाल तितका त्यातून वजा होतो. आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ सालची. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि मन मानेल तिथे जा. रेल्वेचं ब्रेक जर्नी तर आजीआजोबांनाही माहीत आहे: ५०० किलोमीटरहून लांबचं तिकीट असेल तर ठरावीक अंतरानंतर वाटेत उतरून मुक्काम करता येतो. ही सगळी माणसं काही धर्मादाय संस्था चालवत नव्हती.

मग तुम्ही हे वळण कुठून घेतलं? माझा अंदाज, विमानांकडून. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचे भाड्याचे निर्बंध उठले आणि १९८५ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ आरक्षण करणाऱ्याला स्वस्त, आयत्या वेळी येणाऱ्याला महाग, अशी दरांची उतरंड बसवली. रिकामं गेलेलं आसन पुन्हा विकता येत नाही, म्हणून प्रत्येक आसन तारखेला बांधून टाकायचं. विमानाच्या बाबतीत हिशोब चोख आहे, कारण विमान वाटेत कोणाला उतरवत नाही. बस उतरवते. ती थांबते, दार उघडतं, दोन माणसं उतरतात, तीन चढतात. मधल्या थांब्यावर रिकामी झालेली जागा तिथेच भरू शकणारं वाहन तुमच्या हातात आहे आणि तुम्ही त्याला विमानाचे नियम लावता.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेच्या बेडीची. समुद्राचं घड्याळ वेगळं असतं. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी दहाला ओहोटी असेल तर उद्या अकराच्या आसपास, परवा त्याहून उशिरा. ओहोटीलाच जिथे चालत जाता येतं अशी बेटं, असे खडक, अशा वाळूच्या पट्ट्या प्रत्येक किनाऱ्यावर आहेत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला आत जातं, तेव्हा जे उघडं पडतं ते एरवी दिसतही नाही. तुमची गाडी मात्र रोज त्याच ठोक्याला सुटते आणि माझं तिकीट त्याच ठोक्याला बांधलेलं. वारा वाढला म्हणून फेरीबोट सुटली नाही, धुक्यामुळे होडी उशिरा लागली, पावसाने घाटात दरड आली: यातलं काहीही झालं की चूक समुद्राची आणि दंड माझा. किनाऱ्यावर तीन आठवडे आधी ‘मंगळवारी दुपारी दोन वाजता मी अमुक थांब्यावर उभी असेन’ असं लिहून देणं हा शुद्ध खोटेपणा आहे. तुम्ही तो माझ्याकडून सक्तीने लिहून घेता आणि वर त्यावर भाडं आकारता.

बरं, तारीख बदलायची सोय आहे म्हणता. आहे, पण बदलाच्या दिवशीचा दर जुन्या तिकिटाच्या दुप्पट झालेला असतो, म्हणजे ती सोय कागदावरच. दोघांचं कुटुंब असेल तर एकजण सामान सांभाळतो, दुसरा खिडकीवर जाऊन भांडतो. एकट्या माणसाला रांगेत उभं राहायचं की पाठीवरची सॅक सांभाळायची की गाडीवर लक्ष ठेवायचं हे ठरवावं लागतं. स्वच्छतागृहात जायचं तरी सॅक घेऊन जायचं. हे तुमच्या नियमावलीत कुठे बसतं, माहीत नाही. बसत नसावं.

दुसरी तक्रार उतरण्याच्या जागेची. एका रात्री साडेतीनच्या सुमारास सहायकाने सीटवर थाप मारून उठवलं. ‘चला मॅडम, तुमचा स्टॉप.’ खाली उतरले तर उड्डाणपुलालगतचा सर्व्हिस रोड. दिवा नाही, टपरी नाही, माणूस नाही. त्याने डिकी उघडली. शेवटच्या थांब्याचं सामान पुढे आणि माझी सॅक तळाशी, कारण वाटेत कोणी उतरेल हे भरणाऱ्याने गृहीतच धरलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात चार बॅगा रस्त्यावर काढल्या तेव्हा ती हाताला लागली. गाव कुठे म्हणून विचारलं तर त्याने अंधारात एका दिशेला हात केला. ‘अ‍ॅपमध्ये हाच पॉइंट आहे.’ आणि तो खरं बोलत होता. तिकिटावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि पुढे बारीक अक्षरांत ‘बायपास’ असं छापलेलं होतं. उजाडेपर्यंत मी थोड्या अंतरावरच्या पेट्रोलपंपावर बसून काढलं. त्या सहायकावर माझा राग नाही. चालकाला पुढची वेळ गाठायची होती आणि त्याने मला सॅक तरी शोधून दिली. राग त्या माणसावर आहे ज्याने कार्यालयात बसून नकाशावर त्या पुलाखाली टाचणी टोचली आणि तिला गावाचं नाव दिलं.

आणखी एक. पूर्वी किनाऱ्याच्या गाडीत सामान भरणारा जाणकार असे. बॅगेवर खडूने थांब्याचा आकडा टाकायचा, जवळ उतरणाऱ्यांचं सामान दारापाशी ठेवायचा, लांबच्यांचं आत सरकवायचा. खडूचा खर्च किती असेल याचा हिशोब तुमच्या लेखा विभागाने करावा.

तिसरी तक्रार रस्त्याची. नवा महामार्ग आतून झाला की जुन्या किनारी रस्त्यावरच्या फेऱ्या एकेक करून त्यावर वळतात. पाटीवर मात्र तेच जुनं नाव राहतं, जाहिरातीत समुद्राचा फोटो राहतो. कॅलिफोर्नियाचा हायवे वन हा रस्ता बिग सर नावाच्या किनाऱ्याच्या कड्यांवरून जातो, त्याची चित्रं जगभर लागतात; पण लांब पल्ल्याची बस पकडाल तर ती आतल्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून किंवा त्याहून आतल्या आंतरराज्य महामार्गावरून नेते. वेळ वाचतो, हे मान्य. घाई असलेल्यांसाठी त्या फेऱ्या हव्यातच. पण दिवसातून एक तरी फेरी, तीही उजेडी, जुन्या रस्त्याने ठेवा. तो रस्ता फक्त माझ्यासारख्या हिंडणाऱ्यांचा नाही. किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं दवाखान्याला, कोर्टाला, कॉलेजला याच गाडीने जातात, आणि त्यांनाही ‘बायपासला उतरा’ हेच उत्तर मिळतं.

रस्ता खचला तर काय, हा प्रश्न याच्याच पोटातला. किनारी रस्ते खचतात. त्यांच्या खाली लाटा आणि वर भुसभुशीत डोंगर असतो. त्याच हायवे वनवर मे २०१७ मध्ये मड क्रीक इथे डोंगराचा अख्खा उतार समुद्रात गेला आणि रस्ता पुन्हा खुला व्हायला जुलै २०१८ उजाडला. इतकी मोठी आपत्ती रोज येत नाही, पण दोन-चार दिवस रस्ता बंद होणं हे किनाऱ्यावर नेहमीचं आहे. अशा वेळी टप्प्याटप्प्याची तिकिटं काढलेल्या प्रवाशाची एक गाडी चुकली की पुढची सगळी साखळी तुटते. तुमच्या अटींत या साखळीबद्दल अवाक्षर नाही, कारण तुमच्या लेखी प्रत्येक तिकीट हा वेगळा व्यवहार आहे. युरोपीय संघात १८१/२०११ क्रमांकाचा नियम १ मार्च २०१३ पासून लागू आहे. अडीचशे किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या सेवेची फेरी रद्द झाली किंवा सुटायला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला पर्यायी प्रवास किंवा पैसे परत यांतलं एक निवडू द्यावं लागतं, आणि ही निवड दिलीच नाही तर तिकिटाच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून वर द्यावी लागते. बसवाले तिथे बुडाले नाहीत.

मोबाइलबद्दल थोडक्यात. तिकीट फक्त अ‍ॅपवर, अ‍ॅपला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि किनाऱ्यावरच्या दऱ्यांत रेंज नसते. परदेशातून आलेल्याकडे तिथला नंबर नसतो. एकट्या माणसाचा फोन बंद पडला तर शेजारी दुसरा फोन नसतो. छापील तिकीट आणि रोख पैसे चालकाने किंवा वाहकाने घेणं यात मागासलेलं काहीच नाही.

समुद्राच्या बाजूच्या खिडकीसाठी जादा आकार लावता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते पैसे मी आनंदाने देईन. फक्त काच पुसलेली असू द्या, आणि तिच्यावर बाहेरून जाहिरात चिकटवू नका.

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनो, इथवर वाचताना तुम्हाला वाटलं असेल की हे पत्र कंपन्यांना आहे. अर्धं तुम्हाला आहे. वाटेत चढू-उतरू न देण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी तुमच्याच दप्तरात आहे. भारतातला १९८८ चा मोटार वाहन कायदा टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक वेगळी करतो: टप्प्याची गाडी वाटेत माणसं घेते-सोडते, कंत्राटी परवान्याच्या गाडीला करारात नसलेले प्रवासी वाटेत घ्यायची मुभा नाही. जर्मनीने २०१३ मध्ये लांब पल्ल्याच्या बस खुल्या केल्या तेव्हाही साधारण पन्नास किलोमीटरच्या आतल्या टप्प्यांवर बंधन ठेवलं, सरकारी पैशावर चालणाऱ्या स्थानिक गाड्या आणि रेल्वे मरू नयेत म्हणून. हेतू मला पटतो. स्थानिक गाडी बंद पडली तर किनाऱ्यावरच्या गावाला दुसरं कोण विचारणार? पण जिथे स्थानिक गाडी दिवसातून एकदा येते किंवा येतच नाही, तिथे हा नियम कोणाचं रक्षण करतो? चढणं-उतरणं तरीही होतंच, फक्त ते परवान्यात बसत नाही म्हणून अंधारात, पुलाखाली, घाईघाईने होतं. नियम न बदलता डोळेझाक करणं ही पळवाट झाली.

कंपन्यांचं म्हणणंही मला ठाऊक आहे. खुलं तिकीट असलेला माणूस कधी उगवेल सांगता येत नाही. आला तर जागा नाही म्हणून भांडतो, न आला तर आसन रिकामं जातं. अडचण खरी आहे, पण ती तिकीट बंद करून सोडवायची नसते. किनाऱ्याच्या मार्गावर खुल्या तिकिटाचा प्रवासी कुठे आहे हे तुम्हाला कळतं: तो शेवटचा जिथे उतरला तिथेच आहे आणि तिथूनच चढणार आहे. आदल्या संध्याकाळी त्याने फोन करून किंवा थांब्यावर सांगून जागा मागावी असा नियम करा, मी पाळीन. न सांगता आला आणि गाडी भरलेली असली तर त्याने पुढच्या गाडीची वाट पाहावी. एकट्याने फिरणाऱ्याला वाट पाहण्याचा सराव असतो. गर्दीच्या सुट्ट्यांत चार आठवडे खुली तिकिटं थांबवायची असतील तर थांबवा, पण तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा. खुल्या तिकिटाचा दर टप्प्यांच्या बेरजेपेक्षा थोडा जास्त ठेवलात तरी चालेल. फुकट काही नको.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

किनाऱ्याच्या पूर्ण मार्गाचं, निदान महिनाभर चालणारं, मधे उतरता येणारं तिकीट पुन्हा सुरू करा. महामंडळांनी आणि खासगी कंपन्यांनी ते एकमेकांच्या गाड्यांत चालवलं तर उत्तमच. ज्या थांब्याला गावाचं नाव आहे तो गावात असू द्या. ते शक्य नसेल तर तिकीट विकतानाच गावापासूनचं अंतर ठळक अक्षरांत लिहा, आणि रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात कोणालाही दिवा आणि माणूस नसलेल्या जागी उतरवू नका. जवळचा पंप, नाका किंवा उघडं स्थानक तेवढं गाठा. रस्ता बंद झाल्यामुळे टप्पा चुकला तर पुढची सगळी तिकिटं विनाशुल्क पुढे ढकला. रोख पैसे आणि छापील तिकीट चालू ठेवा. जुन्या किनारी रस्त्याने रोज दिवसाउजेडी एक फेरी ठेवा.

वेळापत्रक उघडं करा, हीसुद्धा एक मागणी आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं जगभर एकाच साच्यात मांडण्यासाठी जीटीएफएस नावाची पद्धत आहे. ती २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बसव्यवस्थेपासून सुरू झाली आणि वापरायला मोफत आहे. तुमच्या फेऱ्या त्यात टाकल्यात तर कुठल्याही नकाशावर दिसतील. आज एकाच किनाऱ्यावरच्या चार कंपन्यांच्या गाड्या शोधायला चार अ‍ॅप उतरवावी लागतात, आणि पाचव्याची गाडी थांब्यावरच्या माणसाला विचारूनच कळते.

अधिकाऱ्यांकडे वेगळी मागणी एकच. किनारी मार्गांसाठी परवान्यात मधल्या थांब्यांची यादी मंजूर करा, आणि त्या यादीत बसणारा थांबा कसा असावा हे लिहून द्या: उजेड, आडोसा, स्वच्छतागृह, फोन नंबर असलेली पाटी. यादीतला थांबा त्या मापात बसत नसेल तर तो आधी तुम्ही बांधा, मग कंपनीला दंड करा.

पुढच्या हंगामाची वेळापत्रकं छापायला जाण्याआधी या पत्राचं उत्तर मिळावं अशी अपेक्षा आहे. उत्तर मला एकटीला नको, जाहीर द्या, आणि प्रत्येक मागणीपुढे होय किंवा नाही एवढं लिहा. ‘नाही’ असेल तिथे कारण लिहा. ‘विचाराधीन’ असेल तर तारीख लिहा.

कळावे,
आपली,
किनाऱ्याने एकटीने फिरणारी एक प्रवासी